सुई हातात घेतली की हात थरथरतो

प्रश्न : पहाटपाळी

पहाटेचे साडेपाच झालेत. सात वाजता कलेक्शनला बसायचंय आणि आत्तापासूनच पोटात गोळा आलाय.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढते, चार वर्षं झाली. तीन आठवड्यांपूर्वी एक आजोबा आले होते. शिरा कागदासारख्या, हाताला लागल्यासारखी वाटायची आणि सुई टोचली की सटकायची. दोनदा टोचलं, दोन्ही वेळा ट्यूब रिकामी. त्यांचा मुलगा सगळ्या रांगेसमोर म्हणाला, "हिला येत नाही, दुसरं कोणीतरी बोलवा." शेजारच्या खुर्चीवरचा सहकारी उठून आला आणि त्याने पहिल्याच फटक्यात काढलं. आजोबा बिचारे मलाच म्हणाले, "असू दे गं."

त्या दिवसापासून टूर्निकेट, म्हणजे दंडाला आवळायचा पट्टा, बांधलं की माझी बोटं थरथरतात. कोणी हाताकडे टक लावून बघत असेल तर जास्तच. मैत्रीण म्हणाली, रोज आरशासमोर "मी उत्तम काम करते" असं दहा वेळा म्हण. आठवडाभर केलं. प्रत्येक वेळी आतून उत्तर येतं, "आणि ते आजोबा?"

सकारात्मक राहा, सगळं ठीक होईल, हे कृपया नको. अशा सकाळी तुम्ही नेमकं काय करता, तेवढं सांगा.

जुनी सुई

ताई, मी तुमच्याच कामातून निवृत्त झालोय. आधी हातांचं बघू, मनाचं नंतर.

अधांतरी हात कोणाचाही थरथरतो. करंगळी आणि तळव्याची कड पेशंटच्या हातावर टेकवा, मग सुई धरा. निम्मी थरथर तिथेच जाते. शीर डोळ्यांनी शोधू नका, बोटाने दाबून बघा. उसळून वर येते ती शीर, दोरीसारखी ताठ लागते ती बहुधा कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी. वयस्कर माणसाची शीर सटकते म्हणून खालच्या बाजूने कातडी अंगठ्याने ताणून धरायची. हात थोडा वेळ खाली सोडायला सांगा, गार असेल तर ऊब द्या. आणि टूर्निकेट मिनिटापेक्षा जास्त नको. तेवढ्यात शीर नाही सापडली तर सोडा, दोन मिनिटं थांबा, पुन्हा बांधा. आपण घाबरलो की नेमके हे थांबणंच विसरतो.

आता ते "दुसरं कोणीतरी". दोनदा नाही जमलं तर सुई दुसऱ्याच्या हाती द्यायची, हा नियम बहुतेक ठिकाणी असतो. तो कशासाठी केलाय? चुकणारे दोन-चारच असते तर नियम कशाला लागला असता? तुम्ही त्या दिवशी नियम पाळलात. मुलगा चिडला कारण त्याच्या बापाला दुखत होतं.

एक काम करा. रजिस्टर काढा आणि त्या दिवसापासून आजपर्यंत किती जणांचं रक्त काढलंत ते मोजा. अंदाज नको, मोजा.

रोखठोक

एवढं मनाला लावून घेतलं तर कुठल्याच नोकरीत टिकणार नाही. काळ हेच औषध.

पहाटपाळी

@रोखठोक, मनाला लावून न घेण्याचं बटण सापडलं की जागा कळवा. @जुनी सुई, करंगळीचं आज करून बघते. रजिस्टर उघडायची मात्र भीती वाटतेय, खरं सांगते.

खडू-फळा

मी मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे थोडं पुस्तकी होईल, चालवून घ्या.

आरशाचा उपाय तुम्हाला का लागू पडला नाही, यावर संशोधन आहे. जोआन वूड आणि सहकाऱ्यांनी 2009 साली दाखवलं की, ज्यांचं स्वतःविषयी मत आधीच खालावलेलं असतं त्यांना अशी स्तुतिवाक्यं घोकून उलट जास्त वाईट वाटतं. मन लगेच विरोधी पुरावा शोधतं. तुमचे आजोबा तेच करतायत.

अल्बर्ट बँड्युरा यांनी 1977 मध्ये "हे मला जमेल" हा विश्वास कुठून येतो, याचे चार स्रोत मांडले. स्वतः केलेलं काम, आपल्यासारख्या कोणाला जमताना पाहणं, दुसऱ्याने दिलेला धीर, आणि शरीराच्या खुणांचा आपण लावलेला अर्थ. यात सर्वांत वजनदार पहिला. म्हणून जुनी सुई रजिस्टर काढायला सांगतायत ते मला फार पटलं. चौथा तुमच्या थरथरीचा. हात थरथरतो म्हणजे "मला येत नाही" असा अर्थ तुम्ही लावताय. शरीर सावध झालंय, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. मला वीस वर्षं शिकवूनही पहिल्या तासाला घशाला कोरड पडते. मी पाण्याची बाटली नेते, कोरड जाण्याची वाट बघत बसत नाही.

झोप-भूक उडाली असेल, आवडीच्या गोष्टींतही मन लागत नसेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त रोज चाललं असेल, तर मात्र डॉक्टरांशी बोला. इथल्या गप्पा त्याला पुरणार नाहीत.

लपलेली शीर

मी खुर्चीच्या पलीकडची. माझी शीर कधीच पटकन सापडत नाही, त्यामुळे दोन-तीनदा टोचून घेण्याची सवय आहे. मला दुखण्यापेक्षा जास्त भीती वाटते ती हट्टाला पेटलेल्या माणसाची. आत सुई ठेवून इकडेतिकडे शोधत राहणारा! एकीने एकदा सरळ सांगितलं, "मला दोनदा नाही मिळाली, मी बोलावते कोणाला तरी." पुढच्या वेळी मी मुद्दाम तिच्याच खुर्चीत जाऊन बसले.

पहाटपाळी

परवा रात्री शेवटी रजिस्टर काढलंच. अठरा दिवस, 702 जण. पहिल्या टोचणीत नाही मिळालं असे 19. दुसऱ्याला बोलवावं लागलं असे 6. मला त्यातले आजोबा सोडून एकही चेहरा आठवेना. आणि 683 जणांचं पहिल्याच वेळी निघालं, त्यातलेही आठवेनात, याचं जरा वाईटच वाटलं.

झोप-भूक ठीक आहे, रविवारी छान गेला दिवस. धसका सकाळपुरताच आहे.

करंगळी टेकवून काढतेय. थरथर आहे, पण सुईपर्यंत कमी पोचते. आज एका काकूंचं दोनदा नाही मिळालं. @लपलेली शीर, तुमचंच वाक्य जसंच्या तसं म्हटलं. आवाज थोडा कापला. काकू म्हणाल्या, "बोलव की, मला कुठे घाई आहे." सहकारी आला, आणि त्यालाही पहिल्या वेळी नाही मिळालं.

उद्या पुन्हा सातला आहे. गजर सव्वापाचचा होता तो पावणेसहाचा केलाय.