कॉनॉटच्या हिरव्या जर्सीच्या आठवणी: तुमचेही अनुभव लिहा

आयर्लंडमधल्या गॉलवेत राहायला येऊन मला आता अकरा वर्षं होतील. आले तेव्हा रग्बीतलं ओ की ठो कळत नव्हतं, आता सामना असला की शिफ्ट बदलून घेते. हे झालं एका संघापायी, कॉनॉट.

आयर्लंडच्या चार प्रांतांचे चार संघ. लेन्स्टर, मन्स्टर, अल्स्टर या तिघांनी युरोपचा करंडक घरी आणलाय. कॉनॉट १८८५ पासूनचा, पण पश्चिमेकडचा, विरळ वस्तीचा, पैशाने कायम हात आखडलेला. २००३ च्या जानेवारीत तर खर्च परवडत नाही म्हणून हा व्यावसायिक संघच गुंडाळायचा विचार आयरिश रग्बी संघटनेत चालला होता. लोक डब्लिनच्या रस्त्यावर उतरले आणि संघ वाचला. सतराव्या शतकात क्रॉमवेलच्या राजवटीत जमिनी हिसकावलेल्यांना ‘नरकात जा, नाहीतर कॉनॉटला जा’ असं बजावलं गेलं, ही म्हण इथे अजून सगळ्यांच्या तोंडी आहे. संघ बंद करायची भाषा इथल्या माणसांना नेमकी कुठे लागली असेल, ते मला ही म्हण ऐकल्यावर समजलं.

आयर्लंडमध्ये राहणाऱ्या, राहून गेलेल्या मंडळींनो, तुमच्याही आठवणी लिहा. चार ओळी असल्या तरी चालतील.

सिडकोकर

मी औरंगाबादचा. सिडकोतल्या कॅनॉटला पाणीपुरी खात मोठा झालो, पण हे नाव आलं कुठून असा प्रश्न कधी पडला नाही. दिल्लीचं कॉनॉट प्लेस ज्या ड्यूकच्या नावाने आहे, त्याची पदवी या प्रांतावरून आलेली, हे गॉलवेत आल्यावर कळलं.

पहिला सामना पाहिला कॉलेज रोडच्या स्पोर्ट्सग्राउंडवर. तिथे मैदानाभोवती कुत्र्यांच्या शर्यतींचा वाळूचा ट्रॅक होता. एरवी ग्रेहाउंड धावायचे, सामन्याच्या दिवशी त्याच्या पलीकडे आपण उभे. अटलांटिकवरचा वारा असा की पाऊस समोरून तोंडावर येतो. माझ्याकडे साधं जाकीट. शेजारच्या आजींनी पिशवीतून प्लॅस्टिकचा रेनकोट काढला आणि काही न विचारता माझ्या खांद्यावर टाकला. सामना आपण हरलो. रेनकोट परत द्यायला गेलो तर म्हणाल्या, “असू दे, पुढच्या वेळी लागेल तुला.” अजून आहे माझ्याकडे.

रातराणी

मी नर्स आहे. आमच्या वॉर्डात एक आजोबा होते, मेयोकडचे शेतकरी. उशाशी हिरवा मफलर, कडेचे धागे सुटलेले. धुवायला टाकू का विचारलं तर त्यांनी तो घट्ट धरला. २००३ च्या मोर्चाला हाच गळ्यात होता म्हणाले. गाईंची धार शेजाऱ्यावर सोपवून पहाटे निघाले, डब्लिनला लॅन्सडाउन रोडवरच्या संघटनेच्या कचेरीपर्यंत चालत गेले. “आयुष्यात एकदाच मोर्चाला गेलो,” असं मला तीनदा तरी सांगितलं त्यांनी. आणि त्याच वर्षी पोर्टुम्नाचा एक पोरगा पहिल्यांदा कॉनॉटकडून खेळला, जॉन मुल्डून. तो पुढे कर्णधार झाला. आजोबा त्याच्याबद्दल असं बोलायचे, जसा काही तो त्यांनीच त्या दिवशी डब्लिनहून घरी आणला.

शॅननकाठी

मी लिमरिकमध्ये राहते, म्हणजे मन्स्टरवाली. तरी लिहिते. नोव्हेंबर २०१५ मध्ये कॉनॉटचा संघ पार सायबेरियात, क्रास्नोयार्स्कला खेळायला गेला आणि परतताना अडकून पडला. दमून येतील असं आम्ही धरून चाललो होतो. दोनच आठवड्यांनी थॉमंड पार्कवर येऊन त्यांनी आम्हाला हरवलं. तिथे ते १९८६ नंतर पहिल्यांदा जिंकले. आमच्या लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, मीही.

भटक्या

एडिंबरोला शिकत होतो, त्यामुळे २८ मे २०१६ चा प्रो१२ लीगचा अंतिम सामना मरेफील्डवर बघायला मिळाला. समोर लेन्स्टर, म्हणजे डब्लिनचा बलाढ्य संघ. सकाळपासून शहरात जिकडे तिकडे हिरव्या जर्सी.

कॉनॉटचे तेव्हाचे प्रशिक्षक पॅट लॅम, सामोआचे माजी कर्णधार. इतर संघ आपल्या गोलरेषेजवळ चेंडू मिळाला की लांब किक मारून मोकळे होतात. लॅमच्या पोरांनी तिथूनही हातात चेंडू घेऊन धावायचं, अगदी स्क्रममधल्या जाडजूड गड्यांनीही नीट पास द्यायचा. त्या दिवशी हे डोळ्यांनी पाहिलं. पहिला ट्राय, म्हणजे समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवणं, टिअर्नन ओहॅलोरनचा. दुसऱ्याच्या वेळी नीयी अडिओलोकुनने बचाव करणाऱ्यांच्या डोक्यावरून हलकेच चेंडू मारला आणि धावत जाऊन स्वतःच उचलला. तिसरा मॅट हीलीचा. २०-१०. एकशे एकतीस वर्षांतला पहिला मोठा करंडक! नायजेरियात जन्मलेला नीयी, न्यूझीलंडहून आलेला बंडी आकी आणि पोर्टुम्नाचा मुल्डून एकमेकांच्या गळ्यात पडले होते.

माझ्या पुढच्या रांगेत साठीचा एक माणूस होता. शिट्टी झाल्यावर सगळे उड्या मारत असताना तो खाली बसला आणि सामन्याची पुस्तिका तोंडावर धरून राहिला. त्याचा मुलगा नुसता त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा होता.

अंगणवेल

एप्रिल २०१८, मुल्डूनचा शेवटचा सामना, कॉनॉटकडून ३२७ वा. समोर पुन्हा लेन्स्टर, आणि आपण ४७-१० ने जिंकलो. शेवटच्या ट्रायनंतरची किक मारायला सगळ्यांनी मुल्डूनला पुढे केलं. आठ नंबरचा गडी, किक मारणं हे त्याचं काम कधीच नव्हतं. चेंडू खांबांमधून गेला आणि माझी सात वर्षांची लेक किंचाळली.

घरी आल्यावर तिने माझ्या जुन्या कुंडीतली माती वाडगाभर काढली, परसात तिचा ढीग केला, त्यावर चेंडू ठेवला आणि कपडे वाळत घालायच्या दोरीवरून मारत राहिली. अंधार पडला तरी आत येईना. आता ती इथल्या क्लबच्या मुलींच्या संघात खेळते, आठ नंबरलाच.