लोकलचा डबा, फेरी आणि थांबा

सॉफ्टवेअरच्या आराखड्यात वस्तूंमधली नाती दाखवताना, डब्यांशिवाय गाडी संभवत नाही, म्हणून लोकल आणि तिचे डबे हे कॉम्पोझिशनचे (पूर्ण वस्तू संपली की भागही संपतो, अशा नात्याचे) उदाहरण आहे, असे सांगितले जाते. मला ही कसोटी अपुरी वाटते. पूर्ण वस्तू संपल्यावर भाग मागे उरतो का, हे आधी पाहायला हवे. कारशेडमध्ये एका रेकचे (जोडलेल्या डब्यांच्या संचाचे) डबे सोडवून दुसऱ्या रेकला जोडता येतात, म्हणजे रेक मोडला तरी डबे राहतात. हे अ‍ॅग्रिगेशन, म्हणजे पूर्ण वस्तू मोडली तरी भाग टिकतो असे नाते झाले. मोटरमनशी तर साधे असोसिएशनच, म्हणजे नुसता संबंध आहे.

कॉम्पोझिशन पाहायचे असेल तर वेळापत्रकातील चर्चगेट ते विरार ही एक फेरी घ्यावी. फेरी रद्द झाली की तिचा दादरचा थांबा, त्याच्या वेळेसकट, उरत नाही. दादर स्थानक मात्र जागच्या जागी असते, कारण थांबा स्थानकाचा केवळ संदर्भ बाळगतो. म्हणून प्रोग्रॅममध्ये थांब्यांचे ऑब्जेक्ट (प्रत्यक्ष नोंदी) फेरीच्या क्लासनेच (फेरीच्या साच्यानेच) तयार करावेत आणि त्यांची मूळ यादी बाहेर कोणाच्या हाती देऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन.

आराखड्यात अ‍ॅग्रिगेशन दाखवणाऱ्या पोकळ समभुज चौकोनाचा नेमका अर्थ यूएमएल 2 मध्येही (सॉफ्टवेअरचे आराखडे काढण्याच्या प्रमाण चित्रभाषेतही) आराखडा काढणाऱ्यावर सोडलेला आहे. त्यामुळे शंका असेल तिथे मी असोसिएशनची साधी रेषाच काढतो.