मदत हवी आहे : ‘द हॅझर्ड्स ऑफ लव्ह’ सलग ऐकवावा की मध्यंतर घ्यावे?

नमस्कार. अमेरिकेतील पोर्टलंडच्या ‘द डिसेंबरिस्ट्स’ या बँडचा २००९ मधील ‘द हॅझर्ड्स ऑफ लव्ह’ हा कथा-अल्बम कोल्हापुरात राजारामपुरीतील घरी काही मित्रांना ऐकवण्याचा विचार आहे. ही मंडळी संगीत नाटकांवर वाढलेली असून इंडी रॉक (स्वतंत्र बाण्याच्या बँडांचे रॉक संगीत) त्यांच्या कानावर फारसे पडलेले नाही. त्या वेळी काही समीक्षकांना हा अल्बम अवजड वाटला. माझ्या मते सतरा गाण्यांत एकच कथा सांगण्याचा हट्ट हेच त्याचे बळ आहे.

अडचण अशी की, नायक विल्यम आणि स्वतःच्या मुलांना ठार मारणारा खलपुरुष रेक या दोघांचीही गाणी बँडचे मुख्य गायक कॉलिन मेलॉय हेच गातात, त्यामुळे गीतांचे शब्द हाती नसलेल्या श्रोत्याला कोण बोलत आहे हे चटकन उमगत नाही. नायिका मार्गारेटसाठी बेकी स्टार्क आणि विल्यमला वाढवणाऱ्या वनराणीसाठी शारा वर्डन गातात, तेथे हा गोंधळ होत नाही. (वर्डन यांचा खडा आवाज आमच्या नाट्यसंगीतप्रेमींना नक्की रुचेल!)

आपल्यापैकी कोणी असा श्रवणाचा कार्यक्रम केला असल्यास कृपया सांगावे, की पात्रपरिचय व कथासार मराठीत आधीच वाटावे, की गाण्यांच्या अधूनमधून बोलावे? गाणी एकमेकांत मिसळत असल्याने थांबणे मला खटकते, पण सुमारे तासभर हे अपरिचित संगीत सलग ऐकणे त्यांना जमेल का, ही शंका आहे. थांबायचेच झाल्यास नवव्या ‘ॲन इंटरल्यूड’नंतर, म्हणजे रेकच्या प्रवेशाआधी, थांबणे योग्य ठरेल का? शेवटी प्रेमी युगुल नदीत बुडते, हे कथासारात उघड करावे का, याबद्दलही मत हवे आहे.