काइंड ऑफ ब्लू: पहिली बाजू चढी का वाजते?

तबकडी: जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'ची जुनी एलपी आहे. पहिल्या बाजूवरच्या 'सो व्हॉट'सोबत कीबोर्ड वाजवला की सूर जुळत नाही, दुसरी बाजू मात्र जुळते. टर्नटेबल बिघडलाय का?

खर्ज: नाही. 2 मार्च 1959 च्या रेकॉर्डिंगला मुख्य टेप मशीन किंचित हळू फिरत होतं, म्हणून नेहमीच्या वेगाने लावल्यावर पहिल्या बाजूचे तिन्ही ट्रॅक चढे वाजतात. 22 एप्रिलचं रेकॉर्डिंग बरोबर आहे. 1992 मध्ये राखीव टेपवरून वेग सुधारला; 1997 ची सीडी घेतलीत तर प्रश्नच मिटला. एलपीच लावायची तर टर्नटेबलच्या पिच स्लायडरने वेग किंचित कमी करत बासचा डी कीबोर्डशी जुळवा. बाजू उलटली की स्लायडर शून्यावर, हे हमखास विसरलं जातं.

ठेका: पण 'सो व्हॉट'मध्ये दोनच स्केल घोळवायचे, हे खरं जॅझ?

खर्ज: वाजवून बघा! 16 बार (बार म्हणजे चार मात्रांचा गट) डी डोरियन स्केल (डी षड्ज धरला तर काफी थाटाचेच सूर), 8 बार अर्धा स्वर वर, 8 परत डीवर. आधाराला बदलते कॉर्ड नाहीत, त्यामुळे सोलो भरकटतो आणि वर चढायची जागा चुकते. पॉल चेंबर्सच्या बासवर बार मोजा. स्विंग (जॅझची डुलती लय) हवा तर ड्रमवादक जिमी कॉबची राइड सिंबल, म्हणजे लय धरणारी मोठी झांज, ऐका.