आरओच्या एटीएमआधी टीसीएलची गोणी बघा

विहीरकाठ : आमच्या चौकात पंचायतीने आरओचं, म्हणजे मशीनने शुद्ध केलेल्या पाण्याचं, एटीएम बसवलं. पाच रुपयांत वीस लिटर. फीत कापली, फोटो झाले. पहिल्याच पावसात वाडीतली सात पोरं जुलाबाने आडवी, माझा पुतण्या दोन दिवस सलाईनवर. व्हॉल्व्हच्या खड्ड्यात गटार साचलेलं. नळ बंद झाला की फुटक्या पाइपातून तेच आत ओढलं जातं. टाकीत हजार लिटरला पाच ग्रॅम टीसीएल, म्हणजे जंतू मारणारी क्लोरीनची पावडर, टाकायची, अर्धा तास थांबून पाणी सोडायचं. तेवढंही होत नाही. गोणी उघडी पडून क्लोरीन कधीच उडालाय. मशीन मागाहून आणा, आधी हे करा.

माजी सदस्य : मी त्याच पंचायतीत होतो, म्हणून बोलतो. टीसीएल टाकली की संध्याकाळी दारात भांडण, ‘चहाला वास मारतो’. पाणीपट्टी निम्मं गाव भरत नाही. जलसुरक्षकाचं मानधन थकलेलं, तो टाकीवर कशाला चढेल?

विहीरकाठ : पट्टी थकली म्हणून पोरांनी गटार प्यायचं? पाणी धोक्याचं म्हणून गावाला लाल कार्ड मिळालं होतं, ते कुठल्या ग्रामसभेत वाचलंत?

किनवटकर : दादा, तुमचा उपाय आमच्याकडे चालत नाही. इथे बोअरला फ्लोराइड. टीसीएलने जंतू मरतात, फ्लोराइड जागचा हलत नाही. पाणी उकळून आटवलं तर उलट दाट होतो. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेला की पाणी पिण्याचं नाही. पोरं हसताना तोंडावर हात धरतात, दातांवर तपकिरी पट्टे. जुलाब दुसऱ्या दिवशी कळतो, हाडं धरलेली कळायला वर्षं जातात. आरओ तो फ्लोराइड काढतो; ज्या एटीएमला तुम्ही हसताय, त्यावर आमची पोरं जगतात.

आशाताई : दोघांचंही अर्धंच खरं. पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायची ओटी टेस्ट मी करते; असला तर पाणी पिवळं होतं. टाकीजवळच्या घरी पिवळा रंग येतो, शेवटच्या घरी पाणी पांढरंच. आणि आरओच्या पाण्यात क्लोरीन नसतोच. घरी नेऊन पिंपात ओतलं, त्यात पोराने हात बुडवला, झालं. आधी ओगराळं घ्या. आणि जुलाब थांबला तरी झिंकच्या गोळ्या चौदा दिवस द्या हो, तिसऱ्या दिवशी बंद करतात सगळ्या.

विहीरकाठ : ताई, किनवटचं मान्य, तिथे मशीन हवंच. आमच्याकडे फ्लोराइड नाही, आळस आहे. शेवटच्या घरची ओटी रोज पंचायतीच्या फळ्यावर लिहा.

माजी सदस्य : लिहू. शेजारी थकलेल्या पाणीपट्टीची यादीही लावू.

विहीरकाठ : लावा. सरपंचांच्या वाड्यापासून सुरू करा.