शब्दचर्चा: ‘रीफॅक्टरिंग’ला काय म्हणावं, आणि ‘वागणूक तीच’ म्हणजे नक्की कोणती?

अर्धविराम:

व्हेरिलॉग (चिपमधलं सर्किट कोडमध्ये लिहायची भाषा) वाचणाऱ्या एका कंपायलरची सहभाग-पुस्तिका मराठीत लिहायला घेतली आहे. कंपायलर सिम्युलेशनही करतो (सर्किट संगणकावर चालवून पाहतो) आणि नेटलिस्टही (सर्किटातले भाग आणि त्यांच्या जोडण्यांची यादी) काढून देतो. कोड बराच जुना आहे, त्यामुळे ‘रीफॅक्टरिंग’ हा शब्द पानोपानी येतो. मसुद्यात तूर्त ‘पुनर्रचना’ घातलं आहे, पण ‘पार्सरची (कोड वाचून त्याची फोड करणाऱ्या भागाची) पुनर्रचना’ असं वाचलं की जुना पार्सर पाडून नवा बांधला असं वाटतं. पॅच (कोडमधला बदल) पाठवणाऱ्याला शब्दावरूनच कळायला हवं की कोडची मांडणी बदलायची आहे, कंपायलरचं वागणं नाही. काय म्हणाल?

कंसातला:

पुनर्रचना नकोच. राज्यपुनर्रचनेत सीमाही बदलल्या आणि कारभारही. ‘डागडुजी’ म्हटलं तर आधी काहीतरी फुटलेलं असावं लागतं. ‘सुधारणा’ इतका मोघम शब्द आहे की नवी सोय, बग काढणं आणि वेग वाढवणं, सगळं त्यात मावतं.

शब्दाचं मूळ पाहा. फॅक्टर म्हणजे अवयव, शाळेच्या बीजगणितातला. क्ष² + ५क्ष + ६ चे अवयव पाडले की (क्ष + २)(क्ष + ३) मिळतात. क्षला कोणतीही किंमत द्या, दोन्हीकडे उत्तर एकच. मांडणी बदलली, किंमत नाही. विल्यम ऑपडाइक यांच्या १९९२ च्या प्रबंधात रीफॅक्टरिंगला हीच अट आहे, प्रोग्रॅमचं वागणं टिकलं पाहिजे. ‘सामाईक अवयव बाहेर काढणे’ हे तर चार ठिकाणी चिकटवलेला कोड एका फंक्शनमध्ये नेण्याचं नेमकं वर्णन आहे, आणि ते आपण सातवी-आठवीतच शिकलो आहोत.

अडचण एवढीच की ‘पार्सरचे अवयव पाडले’ हे वाक्य गणिताबाहेर जरा हिंस्र वाटतं. म्हणून मी ‘फेरमांडणी’ सुचवतो. समीकरण फेरमांडलं तरी समीकरण तेच राहतं, हा गणिती वास त्याला आहे.

पडताळा:

फेरमांडणी चालेल. पण ‘किंमत तीच’ हा आधार व्हेरिलॉगच्या कंपायलरमध्ये इतक्या सहज घेऊ नका. इथे राशीची किंमत तिच्या आजूबाजूवर ठरते.

अ आणि ब ८ बिटी, उत्तरही ८ बिटी. अ = २००, ब = १००. (अ + ब) >> १ ही राशी ८ बिटांतच काढली जाते. ३०० त्यात मावत नाहीत (कमाल २५५), ४४ उरतात, एक घर उजवीकडे सरकवल्यावर २२. सरासरी १५० हवी असेल तर (अ + ब + ०) >> १ असं लिहितात. तो साधा ० किमान ३२ बिटी धरला जातो, त्याच्यामुळे अख्खी राशी रुंद होते आणि वाहून जाणारं बिट वाचतं. ही युक्ती भाषेच्या प्रमाणग्रंथातच दिलेली आहे.

आता कंपायलरच्या आत या. स्थिरांक आधीच सोडवणारा एक पास (सगळ्या कोडवरून एकदा फिरणारा टप्पा) असतो. त्यात ‘कशातही शून्य मिळवलं तर तेच उरतं’ असा एका ओळीचा निर्दोष दिसणारा नियम असतो. रुंदी ठरवणाऱ्या पासनंतर तो चालला तर धोका नाही, कारण तोवर अ आणि ब ३२ बिटांपर्यंत ताणलेले असतात. ‘हे दोन पास एका फाइलीत नीट बसतील’ म्हणून कुणी क्रम उलटा केला की शून्य आधीच गळतं आणि १५० च्या जागी २२ येतात. कंपायलर कोसळत नाही, इशारा देत नाही. ज्या टेस्टमध्ये बेरीज २५५ च्या पुढे जात नाही त्या सगळ्या हिरव्या राहतात. म्हणून रुंदीशी संबंध असलेल्या प्रत्येक टेस्टमध्ये एक तरी किंमत काठावरची ठेवा. २५५ आणि १ ची जोडी पुरते, बरोबर उत्तर १२८ आणि चुकलेलं ०.

कंसातल्यांचा ‘सामाईक अवयव’ही इथेच घसरतो. अ + ब दोन ठिकाणी दिसलं म्हणून ते ८ बिटी तात्पुरत्या वायरमध्ये काढलं आणि त्यातली एक जागा ९ बिटी उत्तराची असेल, तर तिथलं वरचं बिट गेलं. चिन्हाचंही तसंच. चिन्हांकित ८ बिटी अ च्या जागी अ[७:०] लिहिलं की बिटं तीच, पण तुकडा नेहमी बिनचिन्ही धरला जातो. १६ बिटांपर्यंत ताणल्यावर −१ चे २५५ होतात.

अर्धविराम:

म्हणजे ‘वागणूक तीच’ याचीच व्याख्या पुस्तिकेत द्यावी लागेल. कंपायलरने लिहिलेला मजकूर जसाच्या तसा हवा, की सर्किट तेच असलं की झालं?

पाठभेद:

यासाठी शब्द हस्तलिखितांच्या अभ्यासातून घ्या, तिथे तयार आहेत. टेस्टमध्ये जपून ठेवलेल्या अपेक्षित आउटपुटला ‘गोल्डन फाइल’ म्हणतात. तिचं ‘सुवर्ण फाइल’ केलं की दागिन्यांचं दुकान आठवतं. ‘प्रमाणप्रत’ म्हणा. नव्या कंपायलरच्या आउटपुटमध्ये दिसलेला फरक म्हणजे ‘पाठभेद’. काही पाठभेद निव्वळ लेखनिकाचे असतात, काही अर्थ बदलणारे. संपादकाचं काम हा निवाडा करण्याचं, तेच इथे परीक्षकाचं.

व्हेरिलेटर या खुल्या सिम्युलेटरसारख्या प्रकल्पांत एक पर्यावरण-चल (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल) लावून टेस्ट चालवल्या की सगळ्या प्रमाणप्रती नव्याने लिहिल्या जातात. सोय उत्तम आणि धोकाही तिथेच. फेरमांडणीच्या पॅचमध्ये प्रमाणप्रत बदललेली दिसली तर ती फेरमांडणी आहे हा दावा सिद्ध करण्याचा भार पॅच पाठवणाऱ्यावर. पुस्तिकेत हे वाक्य ठळक अक्षरांत घाला.

पडताळा:

पाठभेदांचा निवाडा करण्याचा क्रम सांगतो, कारण बहुतेक जण शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतात.

जुन्या कंपायलरने नमुना डिझाइनांचं आउटपुट काढा, मग त्याच कंपायलरने पुन्हा काढा आणि ती दोन एकमेकांशी ताडून पाहा. जुना कंपायलरच दोनदा वेगवेगळं लिहीत असेल तर पुढची तुलना फोल आहे. याचं नेहमीचं कारण म्हणजे पॉइंटर (मेमरीतला पत्ता) ही किल्ली असलेला हॅश-टेबल, आणि त्यावर फिरून आउटपुट लिहिणं. पत्ते दर वेळी वेगळे, म्हणून क्रम वेगळा. भरल्याचा क्रम जपणारी रचना वापरा किंवा लिहिण्याआधी नावांनुसार लावून घ्या. हा बदल फेरमांडणीच्या आधी, स्वतंत्र कमिटमध्ये (एकत्र नोंदवलेल्या बदलात).

मग नवा कंपायलर चालवा आणि बाइटशः तुलना करा. अपेक्षा शून्य फरकाची. फरक आलाच तर प्रथम तात्पुरत्या वायरींच्या नावांकडे पाहा. कंपायलर त्यांना चढते क्रमांक देतो. वर कुठे एक जास्तीची राशी आली की खालचे सगळे क्रमांक एकाने सरकतात आणि एका ओळीच्या बदलाचे हजारो पाठभेद होतात. त्यांना ‘फक्त नावं’ म्हणून सोडू नका. वापरणाऱ्याच्या टायमिंगच्या अटी आणि वेव्हफॉर्मच्या स्क्रिप्टा नावांवरच टांगलेल्या असतात.

तरीही फरक उरला तर समतुल्यता सिद्ध करा. योसिस या सिंथेसिसच्या (कोडवरून सर्किट काढण्याच्या) खुल्या साधनात जुनं आणि नवं सर्किट जोडून प्रत्येक जोडी समान आहे का हे तपासता येतं. मात्र जोड्या लावताना नावांचा आधार घेतला जातो. रजिस्टरांची नावं बदलली असतील तर सर्किट तेच असूनही सिद्धता अडते आणि माणूस नसलेला बग शोधत बसतो.

कंसातला:

समतुल्यता सिद्ध झाली म्हणजे संपलं, असं धरू का?

पडताळा:

नेटलिस्टपुरतं. सिम्युलेशनचा प्रश्न वेगळा. इफ-एल्समध्ये अट एक्स (० की १ हे माहीत नसलेली किंमत) असेल तर ती खोटी धरून एल्सची फांदी चालते. प्रश्नचिन्ह-विसर्गाच्या (अट ? हे : ते) रूपात मात्र दोन्ही फांद्या काढून बिटागणिक जुळवतात. जिथे दोन्हीकडे तेच बिट तिथे ते राहतं, जिथे वेगळं तिथे एक्स. फांद्या १ आणि ० असल्या तर इफ ० देतो, दुसरं रूप एक्स. सिंथेसिसला दोन्ही म्हणजे एकच मल्टिप्लेक्सर (दोनांतून एक निवडणारं सर्किट), त्यामुळे नेटलिस्टवरची तपासणी खुशाल ‘समान’ म्हणते. आउटपुट लिहिणाऱ्या भागात ‘इफ काढून सुटसुटीत केलं’ असा पॅच आला की मी म्हणूनच थांबतो.

(क्षला इथे क्षच म्हणायचा मोह होतो, पण बीजगणितातला क्ष शोधला की सापडतो, हा सापडत नाही. एक्सच राहू द्या.)

पाठभेद:

मग पुस्तिकेत तीन पायऱ्या द्या: अक्षरशः तीच, नावं सोडून तीच, अर्थतः तीच. प्रत्येक फेरमांडणीच्या कमिटमध्ये कोणती हे लिहायचं. ‘अर्थतः’ लिहिणाऱ्याने नेटलिस्टचा अर्थ की सिम्युलेशनचा, हेही सांगायचं.

जुनाखांब:

शब्दांची खरी ओढाताण दुसरीकडे आहे. हार्डवेअरच्या कंपायलरमध्ये प्रत्येक शब्द दोन मजल्यांवर राहतो. ‘न वापरलेलं मॉड्यूल काढलं’ या कमिटमध्ये कंपायलरच्या कोडमधलं मॉड्यूल गेलं की वापरणाऱ्याच्या डिझाइनमधलं? पहिलं असेल तर फेरमांडणी, दुसरं असेल तर आउटपुट बदललं. ‘रजिस्टर’ त्याहून वाईट: पास रजिस्टर करतात आणि सर्किटमध्येही रजिस्टर असतो. ‘मृत कोड’ म्हणजे कंपायलरमधलं कुणी न बोलावलेलं फंक्शन, की डिझाइनमधलं कुठेच न पोचणारं लॉजिक?

माझी सूचना अशी. वापरणाऱ्याच्या सर्किटातल्या वस्तूंना उसने शब्द राहू द्या: मॉड्यूल, रजिस्टर, वायर, पोर्ट, ड्रायव्हर. कंपायलरच्या आतल्या वस्तूंना मराठी: घटक, नोंदणी, अडगळ. ‘अडगळीचा घटक काढला’ आणि ‘निरुपयोगी मॉड्यूल काढलं’ यांत मग गोंधळ उरत नाही. इंग्रजीत ही सोय नाही, आपल्याकडे दोन शब्दसाठे आहेत तर वापरू या.

अर्धविराम:

हे फार आवडलं. ‘एलॅबोरेशन’ला ‘विस्तार’ लिहिलं आहे, आणि ‘लोअरिंग’ला काहीच नाही.

जुनाखांब:

विस्तार नको. एलॅबोरेशनमध्ये पॅरामीटरच्या किमती भरतात, जनरेटचे लूप उलगडतात आणि मॉड्यूलचा प्रत्येक इन्स्टन्स (एकेक वापर) कुठे बसतो ते ठरतं. रुंदी ८ आणि रुंदी १६ असे दोन वापर असतील तर एकाच मॉड्यूलची दोन रूपं होतात. साच्यातून मूर्ती काढण्याचा प्रकार आहे, म्हणून ‘साकारणी’. ‘उलगडणी’ फक्त लूपसाठी राखून ठेवा.

लोअरिंगला ‘उतरवणे’. चिझल या हार्डवेअर-भाषेच्या मागे जी फिर्टल नावाची मधली भाषा आहे तिच्यात ही उतरण स्पष्ट दिसते. वरच्या रूपात संयुक्त प्रकार आणि अटींच्या फांद्या असतात, खालच्या रूपात साध्या वायरी आणि मल्टिप्लेक्सर उरतात. वाटेत ‘शेवटची जोडणी खरी’ हा नियम सोडवावा लागतो. तो सोडवायच्या आधी ओळींचा क्रम बदलला तर अर्थ बदलतो, नंतर नाही. उतरवलेलं परत चढवता येत नाही, हेही त्या शब्दात आलं. भूतही उतरवतात, पण तो डीबगिंगचा भाग झाला.

कंसातला:

‘डेप्रिकेट’ला ‘कालबाह्य’ लिहू नका. डीफपॅरॅमचं (मॉड्यूलचे पॅरामीटर बाहेरून बदलणारं विधान) उदाहरण घ्या. प्रमाणग्रंथाने त्याला काढून टाकायच्या यादीत घातलं आहे, पण तो भाषेत अजून आहे आणि कंपायलरला तो वाचावाच लागतो. ‘कालबाह्य’ वाचून कुणी त्याचा कोड उडवला तर जुनी डिझाइनं बंद पडतील. ‘पायउतार होऊ घातलेलं’ म्हणा. लांब आहे, पण खरं आहे.

अर्धविराम:

घेतलं. राहिला ‘पास’. टेस्टही पास होतात, त्यामुळे ‘पास पास झाला का?’ असं वाक्य मसुद्यात खरंच तयार झालं आहे.

पाठभेद:

‘फेरी’. कंपायलर कोडच्या वृक्षरूपावर एक फेरी मारतो, वाटेत काही बदलतो. योसिसमधली ‘प्रॉक’ ही आज्ञा म्हणजे अशा लहान फेऱ्यांची साखळी: आधी पोकळ फांद्या छाटायच्या, मग असिंक्रोनस रीसेट (क्लॉकची वाट न पाहणारे) ओळखायचे, मग मल्टिप्लेक्सर, मग लॅच आणि फ्लिपफ्लॉप (बिट साठवणारी सर्किटं). रीसेटची फेरी मल्टिप्लेक्सरच्या आधी का, तर रीसेटच्या इफचा एकदा मल्टिप्लेक्सर झाला की तो रीसेट होता हे ओळखणं अवघड.

जुनाखांब:

फेरी चांगला आहे, पण मग पुस्तिकेत ‘फेऱ्यांची फेरमांडणी’ येईल.

पडताळा:

येऊ दे. पडताळ्याच्या दृष्टीने त्याच दोन शब्दांना सर्वांत जास्त घाबरायला हवं, ते शून्याचं प्रकरण आठवा. त्या शीर्षकाच्या कमिटमध्ये दुसरं काही घालू नका. फाइल हलवणं एक कमिट, नावं बदलणं दुसरं, क्रम बदलणं तिसरं. कोडचा इतिहास ठेवणारं गिट मूळ सेटिंगमध्ये निदान ५० टक्के मजकूर जुळला तरच फाइल हलवली असं ओळखतं. हलवता हलवता निम्म्याहून जास्त बदलली तर त्याच्या लेखी जुनी मेली आणि नवी जन्मली, आणि २२ कुठून आले हे शोधणाऱ्याचा माग तिथेच तुटतो.