जुन्या गाडीचा क्लच: फक्त प्लेट बदलावी की पूर्ण संच?

प्रश्न:
माझ्या जुन्या गाडीत चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिनाचा आवाज वाढतो, पण वेग वाढत नाही. गिअरबॉक्स उतरवल्यावर क्लच प्लेटचे अस्तर रिव्हेटच्या डोक्यांपर्यंत झिजलेले दिसले. फक्त प्लेट बदलावी, की प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला इंजिनाच्या चाकावर दाबून धरणारा भाग) आणि रिलीज बेअरिंगही (पेडल दाबल्यावर तो दाब सोडवणारे बेअरिंग) घ्यावे?

उत्तर:
तिन्ही भाग एकदमच बदलावेत, कारण गिअरबॉक्स पुन्हा उतरवण्याचे कष्ट फार असतात. मात्र केवळ मॉडेलच्या नावावर खरेदी करू नका. इतक्या वर्षांत आधीच्या मालकाने इंजिन किंवा गिअरबॉक्स बदललेला असू शकतो. जुन्या प्लेटचा व्यास आणि मधल्या हबचे दाते मोजा, आणि नवी प्लेट इनपुट शाफ्टवर (गिअरबॉक्सच्या पुढच्या दांड्यावर) हाताने सरकवून पाहा: ती न अडकता सरकली पाहिजे, पण डुगडुगता कामा नये. कॉइल स्प्रिंगच्या प्रेशर प्लेटऐवजी डायफ्रामची (एकाच चकतीसारख्या स्प्रिंगची) बसवणार असाल, तर फ्लायव्हीलवरील (इंजिनाच्या जड चाकावरील) बोल्टची छिद्रे आणि रिलीज बेअरिंगचा प्रकार जुळतो का, ते आधी तपासा.

दुसरे उत्तर:
अस्तर तेलकट आहे का? असल्यास क्रँकशाफ्टचे (इंजिनाच्या मुख्य दांड्याचे) मागचे किंवा गिअरबॉक्सचे पुढचे, तेल अडवणारे सील गळत असणार. ते तसेच ठेवून मी नवी प्लेट बसवली होती आणि तीही घसरू लागली. शिवाय जुन्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून धूळ हवेच्या झोताने कृपया उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

प्रश्नकर्ता:
मागचे सील खरोखरच ओले निघाले. आता दाते मोजूनच मागणी नोंदवतो.